फर्न म्हणजे ऊस न्हवं

ही कुंडी बघा. वाळलेला खराटा उलटा ठेवल्यागत दिसतंय ना, तो आमचा बोस्टन फर्न. १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या फर्नच्या खेपेत हा जरा वेगळा निघाला म्हणून बोस्टन फर्न, पण कोल्हापुरात येऊन त्याची ही दशा आम्हीच केली. घरात ऊस, त्यामुळं युरियाचं पोतं कायम जिन्याखाली. मामा म्हणाले पिवळा पडायलाय, टाक की मूठभर, आणि मी टाकला पण. आठ दिवसांत पानांची टोकं तपकिरी, मग कडा, मग हात लावला की पापडासारखा चुरा.

आता उसाला रान पडलंय एवढं मोठं, इथं आठ इंची कुंडी. खत म्हणजे शेवटी क्षारच, ते मातीत वाढले की मुळांना पाणी ओढताच येत नाही, उलट मुळांतलंच बाहेर जातं, म्हणजे कुंडी ओलीचिंब आणि झाड तहानलेलं. त्यात फर्नची मुळं केसासारखी बारीक.

मुळात याची भूकच थोडी. पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात जावा, दरडीच्या फटीफटीतनं नेचे, म्हणजे हे फर्नच, फुटलेले असतात, तिथं कोण पोतं घेऊन जातंय? कुजका पाला आणि ओल, बास.

म्हणून कृषी केंद्रातलं पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत घ्या, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं असलेलं, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचा जेमतेम पाव भरंल एवढंच. आधी साधं पाणी घालून माती ओली करायची, मग हे. महिन्यातनं एकदा, उन्हाळ्यापासनं पावसाळा संपेपर्यंत, थंडीत बंद. गांडूळखत असंल तर मग हे पण नको, मला तर तेच बरं वाटतं.

आणि जास्त पडलंच तर? कुंडी मोरीत ठेवून तीन-चार वेळा भरपूर पाणी सोडायचं, खालनं निथळू द्यायचं, ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. आम्ही तेच केलं, जळकी पानं बुडातनं कापली, आणि हा बघा, मधोमध गोगलगाईगत गुंडाळलेला नवा कोंब.

परवा मामींना जळण्यातनं वाचलेल्या एका पानाखाली रांगेत तपकिरी ठिपके दिसले. कीड पडली म्हणून फवारणीचा पंपच काढला त्यांनी. अहो मामी, ते बीजाणू हायत त्याचे, फर्नला बियांच्या जागी हेच असतंय! पंप परत जिन्याखाली गेलाय, युरियाच्या शेजारी.