दुसऱ्याच्या हातून तपासलेलं धनुष्य

(दृश्य: धान निघालेली बांधी. धुऱ्यावर ठेवलेलं धनुष्य, दोरी उतरवलेली.)

ज्यानं धनुष्य घडवलं त्यानं ते स्वतः तपासू नये, असं माझं ठाम मत आहे. एकाच बांबूवर सुरी फिरवता फिरवता कारागिराचा हात त्या बांबूशी जुळवून घेतो. धनुष्य जरा तिरपं ओढत असेल तर मनगट आपसूक तिरपं होतं. एक बाजू मऊ असेल तर तळवा नकळत खाली सरकतो, आणि बाण मात्र बरोबर जागी लागतो. बाण लागला की कारागीर खूश! पण जो ते विकत घेणार, त्याच्या हाताला या खोडी कुठे माहीत असतात? म्हणून आम्ही दोघं एकमेकांची धनुष्यं तपासतो. त्याचं मी, माझं तो.

आजचं धनुष्य त्याचं आहे. माझ्यापेक्षा वयानं मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तो मला भाऊ म्हणतो.

(दृश्य: बांधीतून चालत जाणारी दोन माणसं, मागे बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ.)

हा गडचिरोली जिल्ह्यातला धानोरा तालुका. धान घरात आलं आहे. बाजूच्या बांध्यांत लाखोळी हिरवी दिसते आहे, त्या सोडून आम्ही एक कोरडी बांधी निवडली. तणसाच्या, म्हणजे धानाच्या काडाच्या, घट्ट बांधलेल्या पेंढ्यांचं निशाण उभं केलं आणि त्याच्या मागे बोडीची पाळ येईल अशी जागा धरली. बाण चुकला तरी मातीतच जाईल. पाळीवर कोणी गुराखी नाही ना, हे पाहिल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, हा आमचा नियम.

धनुष्य एका मुलासाठी आहे. आश्रमशाळेत बारावीला आहे आणि इंडियन राउंडची तयारी करतो. ही स्पर्धा बांबूच्या धनुष्यावर होते, ३० आणि ५० मीटरवरून. शहरातल्या लोकांना धनुर्विद्या म्हटलं की चाकं लावलेली महागडी धनुष्यं आठवतात. आमच्याकडच्या मुलांची सुरुवात मात्र अजूनही बांबूवरच होते, आणि याचा मला अभिमान आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण गावात कोणी ना कोणी विचारतंच. हे धनुष्य शिकारीसाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, त्याआधीच्या पिढ्यांच्या गोष्टी वेगळ्या होत्या. आज आम्ही बनवतो ते निशाण्यासाठी.

(दृश्य: धनुष्य जवळून. सालीची बाजू, गाठी, मूठ.)

आता नीट पाहू या. लांबी साडेपाच फूट. मुठीशी रुंदी चार सेंटिमीटर, टोकांकडे निमुळती होत जाते. बांबू मानवेल जातीचा. कोरड्या, खडकाळ टेकाडावर वाढलेला मानवेल जवळजवळ भरीव असतो, त्याची भिंत इतकी जाड की एका फाकेतून पूर्ण धनुष्य निघतं. ओल्या नाल्याकाठचा बांबू उंच होतो, सरळही असतो, पण भिंत पातळ. टोपलीला चांगला, धनुष्याला नाही.

हा बांबू गावच्या जंगलातला आहे, ग्रामसभेला विचारून आणलेला. ही गोष्ट साधी वाटते, पण तशी ती फार जुनी नाही. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागायचा. २०११ मध्ये ते परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आपल्या रानातला बांबू निवडून, वय पाहून, आपल्या हातानं कापता येणं ही कारागिरासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते बाजारातल्या ढिगातून बांबू उचलणाऱ्याला कळायचं नाही. ढिगात बांबूचं वय कळत नाही. एका वर्षाचा कोवळा बांबू दिसायला सुरेख असतो, पण वाकवला की तसाच वाकून राहतो. निदान तीन पावसाळे पाहिलेलाच बांबू घ्यावा.

तोडायचा तोही हिवाळ्यात. अवेळी तोडलेल्या बांबूतला पिठूळ अंश किड्याला आवडतो. काही महिन्यांत भोकं पडून खाली पिवळा भुगा सांडायला लागतो. दादा तोडलेली फाक चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवतो. धुरानं ती सुकते आणि कीडही लागत नाही. हे धनुष्य नाकाजवळ नेलं तर तो धूर अजून येतो.

साल समोरच्या बाजूला ठेवली आहे, म्हणजे निशाणाकडे. त्या बाजूला आम्ही पाठ म्हणतो, आपल्याकडच्या बाजूला पोट. बांबूच्या भिंतीतले तंतू सालीजवळ दाट असतात आणि आत जाल तसे विरळ. धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. जिथे ताण, तिथे दाट तंतू हवेत. म्हणून सालीला सुरी लावायची नाही. सारी तासणी पोटाच्या बाजूनं. शेवटी शेवटी तर सुरीही नाही, फुटलेल्या काचेचा तुकडा घ्यायचा आणि केसाएवढा पातळ कीस काढत जायचं. दादाची ही तासणी पाहण्यासारखी आहे. पोटावर बोट फिरवलं तर कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही.

मी स्वतः धामणीच्या लाकडाची धनुष्यं करतो. धामण चिवट लाकूड, कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी त्याच्याच करतात. त्यामुळे बांबूकडे मी थोडा परक्या नजरेनं पाहतो, आणि तपासायला तीच नजर कामी येते.

(दृश्य: झाडाच्या खोडाला आडवं बांधलेलं धनुष्य, खाली गडगडी (कप्पी), दोरखंड, लटकता काटा.)

दोरी चढवली. दोरी सुताची नाही, बांबूच्याच सालीची लांब कमची आहे, दोन्ही टोकांना पिळाच्या दोरानं बांधलेली. मुठीपासून दोरीचं अंतर १५ सेंटिमीटर.

आता दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, ते पाहायचं. मुठीपासून वर आणि खाली सारख्याच अंतरावर खूण करायची आणि तिथून दोरी किती दूर आहे ते मोजायचं. हात मुठीवर असतो, बाण त्याच्या जरा वरून जातो, म्हणून वरची बाजू किंचित जास्त वाकलेली चालते. चार-पाच मिलिमीटरचा फरक असला तर उत्तम. इथे उलटं निघालं. खालची बाजू जास्त वाकली होती, जवळजवळ आठ मिलिमीटरनं. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही.

मी पट्टी दादाच्या हातात दिली. त्यानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"असं काहून झालं जी?" तो म्हणाला. "मले तर बाण सरळ जाऊन राहिले होते."

"जातील ना दादा. तुमचा हात सवयीचा आहे."

ताण काट्यावर मोजला. काटा तोच, ज्यावर घरची मोहफुलं तोलतात. मूठ खोडाला पक्की, दोरीला अडकवलेला दोर गडगडीतून ओढायचा आणि प्रत्येक खुणेला आकडा वाचायचा. मुठीपासून ३० सेंटिमीटरला ६ किलो. ४० ला साडेनऊ. ५० ला १२.८. ६० ला १६. आणि पूर्ण ताणाला, म्हणजे ६६ सेंटिमीटरला, १८.२ किलो. तिरंदाजांच्या भाषेत ४० पौंड.

मला यातला शेवटचा आकडा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मधले महत्त्वाचे. दर दहा सेंटिमीटरला वाढ सव्वातीन-साडेतीन किलोच्या आसपास राहिली, शेवटी थोडी चढली, पण भार एकदम अंगावर आला नाही. काही धनुष्यं शेवटच्या चार बोटांत अशी अडतात की निशाण धरून ठेवताच येत नाही, हात थरथरतो. हे अडत नाही. साडेपाच फुटांची लांबी आणि सपाट तासणी, दोन्हींची ही कमाई.

(दृश्य: पहिला बाण. दोरीचा आवाज, मग तणसात रुतल्याचा.)

बाण बारीक बांबूच्या काडीचे, पिसं कोंबड्याची, टोकाला लोहारानं केलेली छोटी लोखंडी टोपी. एका बाणाचं वजन ३२ ग्रॅम. बाण लावल्याशिवाय दोरी ताणून सोडायची नाही, कधीच नाही. जी शक्ती बाणानं न्यायची, ती मग धनुष्यातच उसळते आणि ते फुटू शकतं.

पहिल्या बाणापासूनच तळव्याच्या खालच्या भागावर एक ठोका जाणवला. मूठ हातात किंचित मागे कलते. बाण निघताना शेपूट वर उचललं जातं, हे मोबाइलवर संथ गतीनं काढलेल्या चित्रणात स्पष्ट दिसतं. २० मीटरवर बाण एकाच ठिकाणी लागतात, पण थोडे वर. ३० मीटरवर ते पसरायला लागले. हे सगळं त्या आठ मिलिमीटरमुळे. धनुष्याच्या दोन बाजू म्हणजे बैलजोडी आहे. एक बैल मागे राहिला तर जू तिरपं होतं आणि गाडीवानाचा हात दुखतो.

वेग मोजायला आमच्याकडे यंत्र नाही, पण मोबाइल आहे. तो मारणाऱ्याच्या पायाशी ठेवला आणि आवाज ध्वनिमुद्रित केला. पडद्यावर दोन टोकं उठतात, एक दोरीचं, एक तणसाचं. दोन्हींत ०.५२ सेकंदाचं अंतर. तणसाचा आवाज २० मीटर परत यायला जवळपास ०.०६ सेकंद घेतो, ते वजा केलं. उरले ०.४६. म्हणजे सेकंदाला ४३ मीटरच्या आसपास, ढोबळ मानानं. काट्यावरच्या आकड्यांवरून धनुष्यात साठलेली शक्ती काढली आणि बाणानं नेलेली शक्ती तिच्याशी ताडून पाहिली, तर दोन तृतीयांशाला थोडी कमी शक्ती बाणात गेली. बांबूच्या एकाच फाकेचं धनुष्य, त्यावर बांबूचीच जाड दोरी, हे पाहता काम फार चांगलं झालं आहे. दादाला मी तसं सांगितलं, आणि मनापासून सांगितलं.

मारून झाल्यावर लगेच दोरी उतरवली आणि धनुष्य सपाट फळीवर ठेवलं. सकाळी टोकं फळीपासून तीन सेंटिमीटर आत वळलेली होती. आता साडेचार. चहा होईपर्यंत ते परत साडेतीनवर आलं. बांबू शिणतो आणि सावरतो. जो सावरत नाही, तो कोवळा तरी असतो नाहीतर त्याच्यावर कुठेतरी एकाच जागी फार भार येत असतो.

अशी जागा इथेही सापडली, फक्त लहान. खालच्या बाजूची मुठीपासूनची दुसरी गाठ. पोटाकडून दादानं ती बाजूच्या पेराइतकी सपाट केली होती. गाठीत तंतू सरळ जात नाहीत, वळसा घेतात, म्हणून तिथे थोडं जाड ठेवावं लागतं. दिसायला सपाट छान दिसतं खरं. दादानं अंगठा त्या गाठीवर ठेवला, धनुष्य थोडंसं वाकवलं आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "हव. इथंच मोडते जी ते." मोडते म्हणजे तुटत नाही, तिथे कोन होतो.

(दृश्य: मांडीवर धनुष्य, काचेचा तुकडा, पडणारा कीस.)

कमी झालेलं परत लावता येत नाही. म्हणून ताठ बाजू खरवडायची. वरच्या बाजूचं पोट, मुठीपासून टोकापर्यंत, एकसारखं. दादा खरवडतो, दोरी चढवतो, थोडं ओढून बांबूला नवा वाक शिकवतो, मोजतो, पुन्हा खरवडतो. या कामात घाई करणाऱ्याची धनुष्यं मी फुटलेली पाहिली आहेत. संध्याकाळपर्यंत खालची बाजू वरचीच्या मागे गेली, फरक तीन मिलिमीटर, आता हव्या त्या दिशेनं. ताण उतरून १७.३ किलो झाला. जवळजवळ एक किलो गेला, पण तळव्यावरचा ठोका गेला आणि ३० मीटरवरचे बाण जवळ आले. १७ किलो त्या मुलाला पुरेसे आहेत. दिवसभर बाण मारणाऱ्याला हात शाबूत राहणं जास्त मोलाचं.

दोरीवरून मात्र आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, कमची काढून पॉलिस्टरची पिळाची दोरी लावावी. ती हलकी असते, बाण जास्त वेगानं जातो, आणि झिजायला लागली की धागे सुटताना दिसतात. कमची सुकली की न सांगता तुटते. दादाचं म्हणणं, कमची ताणत नाही, दमट हवेत सैल पडत नाही, आणि तुटली तर पोरगा गावातल्याच बांबूची दुसरी काढेल, कुरिअरची वाट पाहणार नाही. त्याचं म्हणणं मला पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. शेवटी दोन्ही दोऱ्या देऊ असं ठरलं.

(दृश्य: पोटावर पेन्सिलनं आकडे लिहिणारा हात. मुलाकडे धनुष्य देताना.)

मुलाला धनुष्य देताना दादानं सांगितलं ते असं. मारून झालं की दोरी उतरव. भिंतीला टेकवून उन्हात ठेवू नको, आडवं ठेव, दोन खुंट्यांवर. मित्राला दिलं तर बाण लावल्याशिवाय ओढू देऊ नको. दुसऱ्या गाठीवर रोज अंगठा फिरव, सालीवर बारीक चीर दिसली तर त्याच दिवशी घेऊन ये.

आणि पावसाळा संपला की कसंही करून घेऊन ये, भाऊच्या काट्यावर पुन्हा लावू. पावसात बांबू ओल घेतो, तेव्हा हा १७.३ चा आकडा किती उतरतो ते पाहायचं आहे.