रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच

नमस्कार मैत्रिणींनो. आज जरा अवघड जागेच्या दुखण्याबद्दल बोलू. घरात पुरुषमंडळी असली तरी रेडिओ बंद करू नका, त्यांनीही ऐकलेलं बरं.

ओटीपोट सहा-सहा महिने ठणकतं, मायांगात आग होते, बसवत नाही, नवऱ्याजवळ जायची धास्ती वाटते. सोनोग्राफी मात्र नॉर्मल. मग घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ.' अहो, नसांची जळजळ आणि आखडलेले स्नायू साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत!

दुसरं टोक म्हणजे 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांवरून 2019 मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला होता. दुखणं नसांचं किंवा स्नायूंचं असेल, तर पिशवी गेली तरी ते राहतंच.

तपासताना डॉक्टर कापसाच्या काडीने बाहेरच्या भागाला हलकेच टेकवून नेमकं कुठे झोंबतं ते बघतात. आग होते म्हणून दर वेळी बुरशीचं मलम चोळत बसू नका, आधी तपासणी करून घ्या.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले असतील तर फिजिओथेरपीचा चांगला उपयोग होतो. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्यायचा आणि खालचा भाग सैल सोडायचा. मोबाईलवर बघून 'आवळा-सोडा'चे व्यायाम मात्र परस्पर करू नका, आधीच आवळलेल्या स्नायूंना त्यानं जास्तच त्रास होऊ शकतो.

नसांसाठी ॲमिट्रिप्टिलिन रात्री, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ही गोळी मूळची नैराश्यावरची. दुकानदारानं तसं सांगितलं की बायका घाबरून ती डब्यात ठेवून देतात. इथे ती कमी मात्रेत, नसा शांत करायला दिलेली असते. वरून लावायला लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं, मलमही मिळतं. दुखणं एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढल्याचं असेल तर हार्मोनच्या गोळ्या किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि पाळी गेल्यावर कोरडेपणा असेल तर इस्ट्रोजेनचं क्रीम. यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं, ताप आला, वजन घटलं, तर मात्र थांबू नका.

दवाखान्यात जाताना महिनाभराची नोंद न्या: कधी दुखतं, पाळीशी, लघवीशी, संबंधाशी त्याचा मेळ बसतो का. आणि कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.