शरणपूरहून राबाईपर्यंत

नाशिकचा शरणपूर रोड आज शहराच्या ऐन वर्दळीत आहे. ज्या वसाहतीवरून त्याला हे नाव मिळाले, ती चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवली होती. तेथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी पूर्व आफ्रिकेतील मुले राहत असत. गुलामांना नेणारी गलबते ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडली की सुटका झालेली मुले मुंबईत उतरवली जात, आणि त्यांपैकी अनेकांना अक्षरओळख, बायबल, सुतारकाम व लोहारकाम शिकण्यासाठी शरणपूरला पाठवले जाई. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावेही मिळत. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलाचे जन्मनाव चेंगविंबे होते. मुक्त झालेल्या माणसाला आपले नावही सोडावे लागले, ही गोष्ट या इतिहासात दुर्लक्षिता येत नाही.

याच मुलांपैकी जेकब वेनराइट १८७२ मध्ये स्कॉटिश मिशनरी व आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमेत सामील झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात मरण पावले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली, आणि त्यांचा देह सहकाऱ्यांनी धोक्याच्या मुलखातून, महिनोन्‌महिने चाललेल्या पायी वाटेने किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेमधील अंत्यविधीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये जेकब होता.

मात्र खरी कसोटी आजच्या केनियातील मोंबासाजवळ लागली. सुटका झालेल्या गुलामांसाठी १८७५ च्या सुमारास तेथे फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली. ती वसवण्यासाठी प्राइसच गेले, आणि नाशिकला शिकलेल्या लोकांनी तिचा मोठा भार उचलला. ते शिकवत, दुभाषांचे काम करत, उपासना चालवत. तरीही युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीचे स्थान सहजासहजी दिले नाही. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे बायबलमधील संत पौलाचे वचन शिकवणाऱ्यांनाच आचरणात जड गेले. माझ्या मते त्याचा अर्थ शिष्यांनीच अधिक गांभीर्याने घेतला.

त्यांतले एक विल्यम जोन्स. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले आणि शरणपूरला शिकलेले जोन्स १८८५ मध्ये इश्माएल सेमलर यांच्यासह पूर्व आफ्रिकेतील बिशप हॅनिंग्टन यांच्या हस्ते चर्चच्या धर्मसेवेसाठी दीक्षित झाले. जोन्स काम करत असलेल्या, मोंबासाजवळच्या राबाई येथील मिशनमध्ये किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम आसरा घेत होते. मालक त्यांना परत मागत होते, ब्रिटिश अधिकाऱ्यांना अरब मळेवाल्यांशी बिघाड नको होता, आणि पळालेल्यांना थारा देऊ नये अशी ताकीद मिशनलाही होती. तरी राबाईत ते येत राहिले आणि राहू दिले गेले. १८८८ मध्ये शोध घेतला गेला, तेव्हा त्यांची संख्या पाहून प्राइस यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. परत पाठवणे म्हणजे फटक्यांच्या हवाली करणे होते, आणि ठेवून घेणे म्हणजे किनाऱ्यावर संघर्ष ओढवून घेणे. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देण्याची व्यवस्था केली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत सुमारे १,४०० स्त्रीपुरुषांना मुक्ततेचे दाखले देण्यात आले.