तिसरं जग म्हणजे कोण?

(1789 सालचं फ्रेंच व्यंगचित्र. कॅमेरा खालून हळूहळू वर.)

आधी चित्राच्या तळाशी पाहा. ससे कोबी कुरतडतायत, पाखरं दाणे टिपतायत. पीक या शेतकऱ्याचं, पण त्यानं या सशांना मारायचं नाही. शिकारीचा हक्क सरदारांचा.

आता वर चला. कुदळीवर भार टाकून तो कसाबसा उभा आहे, आणि त्याच्या पाठीवर दोघं स्वार झालेत. एक धर्मगुरू, एक सरदार.

तेव्हाच्या फ्रान्समध्ये कायद्यानंच तीन वर्ग होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा. उरलेले सगळे तिसऱ्या वर्गात: शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील. शंभरातली पंच्याण्णवहून जास्त माणसं. करांचा बोजा मुख्यतः त्यांच्यावर.

त्याच वर्षी जानेवारीत सिएस नावाच्या एका धर्मगुरूनं पुस्तिका छापली. तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्व काही. राज्यकारभारात आजवर त्याला स्थान किती? काहीच नाही. त्याची मागणी काय? आपणही काहीतरी व्हावं.

(व्हर्साय. 5 मे 1789 चं चित्र.)

तिन्ही वर्गांची महासभा भरली. काळ्या साध्या कपड्यांतले हे तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी. जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक वर्गाला एकच मत, म्हणजे वरचे दोघे एक झाले की तिसरा हरलाच. सहा आठवडे ते डोक्यांप्रमाणे मतं मोजा म्हणत राहिले. शेवटी 17 जूनला त्यांनी स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं.

'तिसरं जग' या शब्दातला 'तिसरा' इथून आलाय. तो क्रमांक गुणपत्रिकेतला नाही.

(छापखाना. त्यानंतर 1952 चा नकाशा, दोन रंगांत.)

14 ऑगस्ट 1952. पॅरिसच्या 'लॉब्झर्व्हातर' साप्ताहिकात आल्फ्रेद सोव्ही यांचा लेख आला: तीन जगं, एक ग्रह. सोव्ही लोकसंख्याशास्त्रज्ञ. जन्म-मृत्यूचे आकडे रोज हाताळणारा माणूस. त्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा असायची ती दोनच जगांची, अमेरिकेच्या बाजूची आणि सोव्हिएत संघाच्या बाजूची. त्यांच्यात युद्ध होईल की ती एकत्र नांदतील? सोव्ही यांचं म्हणणं असं की या चर्चेत एक तिसरं जग विसरलं जातंय. तेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि काळाच्या हिशेबात तर तेच पहिलं. लेखाच्या शेवटी ते लिहितात: दुर्लक्षित, शोषित, तिरस्कृत असलेल्या तिसऱ्या वर्गाप्रमाणे या तिसऱ्या जगालाही काहीतरी व्हायचं आहे.

सिएसचेच शब्द, 163 वर्षांनंतर. आणि हे छापलं जात होतं तेव्हा त्याच फ्रान्सचं सैन्य इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात, वसाहत टिकवण्यासाठी लढत होतं.

पहिलं आणि दुसरं हे क्रमांक मागाहून रूढ झाले. पहिलं म्हणजे अमेरिका, पश्चिम युरोप, जपान आणि त्यांचे मित्र. दुसरं म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या गटातले देश. या वाटणीत श्रीमंती-गरिबीची अट नव्हती. काटेकोर लावलीच तर तटस्थ स्वित्झर्लंड आणि स्वीडनही तिसऱ्यात जातील.

(बांडुंग, एप्रिल 1955. कृष्णधवल चित्रफीत. गर्दीचा आवाज वाढू द्यावा.)

इंडोनेशियातलं बांडुंग शहर. पाहुणे हॉटेलातून निघून सभागृहाकडे पायी चाललेत. दुतर्फा लोक उभे आहेत. डच अमलात ही इमारत गोऱ्यांच्या क्लबाची होती. आता तिचं नाव गेडुंग मर्डेका, स्वातंत्र्य भवन.

हे यजमान सुकार्णो. हे नेहरू. इजिप्तचे नासेर, ब्रह्मदेशाचे उ नू, चीनचे चौ एन लाय. आशिया-आफ्रिकेतले 29 देश, जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांचे प्रतिनिधी. सुकार्णो उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले की मानवाच्या इतिहासातली ही गौरेतर लोकांची पहिली आंतरखंडीय परिषद आहे.

ध्वजांच्या रांगेत तो पांढरा झेंडा बघा. त्यावर फक्त सुदान एवढं नाव लिहिलंय. सुदान तेव्हा स्वतंत्र झाला नव्हता. त्याला स्वतःचा ध्वजच नव्हता. तरी तो आला. गोल्ड कोस्टही, म्हणजे आजचा घाना, आला, स्वातंत्र्याआधी दोन वर्षं.

इथे सगळ्यांचं एकमत होतं असं मुळीच नाही. तुर्कस्तान, पाकिस्तान, फिलिपिन्स अमेरिकेच्या लष्करी करारांत होते, चीन कम्युनिस्ट होता. पूर्व युरोपवरची सोव्हिएत पकड हीसुद्धा वसाहतच का, यावर कडाक्याची भांडणं झाली. पण 24 एप्रिलला दहा तत्त्वांवर सह्या नसल्या तरी संमती झाली. समान सार्वभौमत्व, दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ नाही, तंटे शांततेनं सोडवायचे. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांनी जगाचे नियम लिहायला घेतले होते, आणि या फिल्मसाठी आम्हाला हीच रिळं सगळ्यात मोलाची वाटतात.

(बेलग्रेड, सप्टेंबर 1961. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो स्वागत करताना.)

सहा वर्षांनी अलिप्त, म्हणजे दोन्ही महासत्तांच्या गटांबाहेरच्या, देशांची पहिली शिखर परिषद. 25 देश. बर्लिनची भिंत उभी राहू लागून महिनाही झाला नव्हता.

(संयुक्त राष्ट्रं, एप्रिल 1974. चीनचे डेंग शाओपिंग व्यासपीठावर.)

चीननं ही मांडणी उलटीपालटी केली. त्यांचे सर्वोच्च नेते माओ यांच्या मते पहिलं जग म्हणजे दोन्ही महासत्ता, अमेरिका आणि सोव्हिएत संघ. दुसरं म्हणजे मधले युरोप-जपान. तिसऱ्यात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आणि अर्थात चीनही.

(क्रेमलिन, 25 डिसेंबर 1991. लाल ध्वज उतरतो.)

1980 च्या दशकात अनेक देश कर्जात बुडाले, मग दुसरं जगच नाहीसं झालं, आणि 'तिसरं' याचा अर्थ उरला फक्त गरीब, मागासलेलं.

(जिनिव्हा, 1964. त्यानंतर न्यूयॉर्क, आजचं सभागृह.)

मागणी मात्र कागदावर शिल्लक आहे. 1964 साली जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकासाच्या परिषदेत, 77 देशांनी एक गट केला. कच्च्या मालाला रास्त भाव, श्रीमंतांच्या बाजारपेठेत प्रवेश, जागतिक पैशाच्या निर्णयांत आवाज. गटाचं नाव अजून 77 चंच आहे. सदस्य 130 हून अधिक झालेत. त्यांचा प्रतिनिधी सर्वसाधारण सभेत बोलायला उभा राहतो तेव्हा जगातली बहुसंख्य माणसं त्याच्या मागे असतात.