टोमॅटोच्या बीला आधी हवा, मग खत

मंडळी, आधी वेळेचं बोलून घेऊ, कारण मुंबईत टोमॅटोचं निम्मं गणित तिथेच सुटतं. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की फुलं येतात आणि गळून जातात. त्यामुळे फळ नीट धरतं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. त्यासाठी बी पडायला हवं सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरात. म्हणजे पाऊस पुरता गेलेला नाही, हवा दमट आहे आणि ट्रे खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलाय. माध्यम, म्हणजे बी ज्यात पेरायचं ती माती किंवा मिश्रण, निवडायचं ते या परिस्थितीसाठी.

दुकानात गेल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, यात खत किती आहे? मोठ्या कुंडीसाठी हा प्रश्न रास्त आहे, बियांसाठी नाही. टोमॅटोचं बी एवढंसं, एका ग्रॅममध्ये साधारण ३०० मावतात. पण पहिली दोन पानं उघडेपर्यंतची शिदोरी त्याच्या पोटातच असते. बाहेरून लागतं पाणी, ऊब आणि ऑक्सिजन. ऊब आपल्याकडे फुकट आहे, पाणी आपण गरजेपेक्षा जास्तच ओततो. कमी पडते ती मुळांना हवा. म्हणून विचारायचं ते हे, की पाणी घातल्यावर यात हवा किती उरते?

हा भांडी घासायचा स्पंज बघा. पाण्यात बुडवून आडवा धरला. थेंब पडायचे थांबले. आता तोच उभा धरतो. पुन्हा गळायला लागला! पिळला नाही, काही नाही, फक्त उंची वाढली. कुंडीत हेच होतं. पाणी निथळल्यावरही तळाशी एक चिंब थर राहतोच, आणि तो किती जाड असेल ते माध्यमाचे कण ठरवतात, कुंडीची खोली नाही. फूटभर कुंडीत तो थर खाली पडून राहतो, वर मुळांना भरपूर जागा असते. रोपांच्या ट्रेचा कप चार-पाच सेंटिमीटरचा; तिथे बारीक माती भरली तर अख्खा कपच तो थर होऊन बसतो. तळाला खडे घालायची आपली जुनी सवयही इथे उलटी पडते. खडे जागा खातात आणि ओला थर वर सरकतो.

म्हणून नर्सरीतली लाल माती मी बियांना देत नाही. ओली असताना ती चिकटून बसते, वाळली की वर पापुद्रा धरते आणि कोंब अडतो. शिवाय त्यात पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरश्या असू शकतात. रोप उगवतं, छान दिसतं आणि एका सकाळी मातीलगत देठ बारीक होऊन आडवं पडतं. दमट हवेत असा अख्खा ट्रे जातो.

मग उरतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. नारायणगावकडच्या रोपवाटिका टोमॅटोची रोपं प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे छोट्या कपांच्या ट्रेमध्ये, कोकोपीटवरच करतात. पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, तेही चांगलं, पण ते परदेशातून येतं, महाग पडतं आणि एकदा कोरडं झालं की पाणी धरता धरत नाही. नारळाच्या देशात त्याच्या मागे का लागायचं?

कोकोपीटची खोड एकच, क्षार. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम असतं. त्यात सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर विचारूच नका. कोकोपीटची दाबलेली वीट बादलीत फुगवा, कापडातून पिळा, पुन्हा पाणी घाला, पुन्हा पिळा. घरात फिल्टरचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर शेवटचं पिळलेलं पाणी तपासा; नळाच्या पाण्याच्या आसपास आकडा आला की थांबा. तानसा, वैतरणा, भातसाचं, म्हणजे मुंबईच्या नळाचं पाणी या कामाला उत्तम, त्यात क्षार कमी. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर मात्र त्याने धुऊ नका, समुद्रालगत तर नकोच.

प्रमाण सांगतो. धुतलेलं कोकोपीट तीन भाग, परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) एक भाग, चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग. परलाइट मिळालं नाही तर जाड, धुतलेली रेती चालेल, ट्रे जड होईल इतकंच. गांडूळखत याहून वाढवू नका. ते बारीक असतं, पाणी धरून बसतं. उसाच्या गाडीवरचं चिपाड मोठ्या वाफ्यात कुजवायला छान, पण ताजं असताना ते आंबतं आणि नत्र ओढून घेतं. ट्रेत नको.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. पाच ते आठ दिवसांत उगवतं. कोकोपीट वरून फिकट, कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, तेव्हा रंगावर जाऊ नका. ट्रे उचलून बघा. हलका लागला तरच पाणी, आणि तेही खालच्या ताटात घालून वर शोषू द्यायचं. अर्ध्या तासाने ताट रिकामं करायचं. बीतून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतर पहिलं खरं पान आलं की शिदोरी संपली असं समजा. मग आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्याला एक ग्रॅम १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत. पंचवीस-तीस दिवसांनी, चार-पाच पानांवर, रोप मोठ्या कुंडीत जाईल.

ट्रेत उरलेलं कोकोपीट पुन्हा पेरणीला वापरू नका. त्यात काय वाढलंय ते डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या कुंडीच्या मातीत मिसळा. ट्रे मात्र साबणाने घासून कडक उन्हात वाळवा, पुढच्या ऑक्टोबरला चालेल.