वडिलांची दुनळी, मुलाचा परवाना

(दृश्य: रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागा, मागे सातपुडा)

रावेर, यावल, चोपडा. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा केळीचा, मक्याचा आणि रानडुकरांचाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ठासणीची पुरणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर बिनआट्याच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. इथल्या जुन्या घरांत एखादी बारा बोरची दुनळी सापडते ती अशीच आलेली. बोर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप.

खरा घोळ होतो तो परवानाधारक वारल्यावर. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील गेले की बंदूक त्याच कपाटात राहते, पण ती घरात ठेवण्याचा अधिकार संपलेला असतो. कलम 21 सांगतं की अशी बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. ‘दहावं-तेरावं आटोपू द्या, मग बघू’ असं घरोघरी म्हणतात. बघू-बघू करता वर्ष निघून जातं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद आहे.

म्हणून आधी ठाण्यात फोन करा. बंदूक आणायची की ते येऊन नेणार, हे त्यांनाच विचारा. आणायला सांगितलं, तर ती रिकामी, कव्हरमध्ये घालून आणि काडतुसं वेगळी बांधून न्या.

(दृश्य: टेबलावर उघडलेली दुनळी, जवळून)

रिकामी म्हणजे नुसतं ‘वडील भरून ठेवत नव्हते’ असं नव्हे. नळीचं तोंड माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर. वरची कळ बाजूला सारली की नळ्या खाली झुकतात. काडतूस बसतं त्या दोन्ही घरांत डोळ्यांनी पाहा, मग उजेडासमोर धरून मागच्या बाजूने आरपार पाहा. वर्षानुवर्षं टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असू शकतं. असा बोळा आत असताना बार काढला तर नळी फाटते. कातडी कव्हर पावसाळ्यात ओल धरतं आणि आतून गंज चढतो, तोही इथेच दिसतो.

पावतीवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव, बोर, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नंबर परवान्याच्या वहीशी ताडून पाहा. एका आकड्याचा फरक असला, तर तोच पुढे फाइल अडवतो. ठाण्याच्या मुद्देमाल कोठडीत बंदुकीला तेल कुणी लावत नाही. विक्रेता भाडं घेतो, पण त्याला देखभाल सांगता येते. प्रकरण लांबणार असं दिसलं, तर आम्ही विक्रेत्याकडेच ठेवायला सांगू.

आता वारसाचा अर्ज. तो एनडीएएल-एएलआयएस या ऑनलाइन प्रणालीवर, नमुना ए-1 मध्ये भरायचा. वय 21 पूर्ण हवं. सोबत मृत्यूचा दाखला, इतर वारसांची नाहरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. अडतं ते बहुधा नाहरकतीवर. भावाभावांत शेतीचा वाद असला की बंदुकीची सहीही राहून जाते. पोलीस अहवालानंतर निर्णय जिल्हाधिकारी देतात. नकार मिळाला तर 30 दिवसांत नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. कुणालाच बंदूक नको असेल, तर ती विकण्याची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातच मागायची.

यापेक्षा सोपी वाट आहे आणि ती फार कमी लोक धरतात. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक 25 वर्षं बाळगली, तर ती हयातीतच वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. वडील समोर बसून सही करतात, नंबर स्वतः दाखवतात, बंदुकीची खोड सांगतात. सत्तरीला टेकलेल्या प्रत्येक परवानाधारकाच्या घरी हे काम याच वर्षी व्हायला हवं. वहीवर यूआयएन, म्हणजे ऑनलाइन नोंदीचा विशिष्ट ओळख क्रमांक आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. त्याशिवाय परवाना आता ग्राह्य नाही.

(दृश्य: 12 आणि 20 बोरची काडतुसं शेजारी शेजारी)

प्रशिक्षण कागदापुरतं करू नका. आकडा मोठा असला तरी 20 बोरचं काडतूस 12 पेक्षा बारीक असतं; ते 12 बोरच्या घरात घातलं तर पुढे घसरून नळीत अडकतं. वरून घर रिकामं वाटतं, माणूस दुसरं काडतूस भरतो आणि नळी हातातच फुटते. दोन्ही बोरची काडतुसं एका पिशवीत कधीच नकोत. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर दुसरा बार नाही. आधी नळी तपासा. जुन्या बंदुकीच्या घराची लांबी 65 मिलिमीटर असेल, तर 70 चं काडतूस चालणार नाही, मग ते आत बसत असलं तरीही.

आणि परवाना हातात आला म्हणजे रानडुकराला मारायची मुभा मिळाली असं नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते.