काडेपेटीएवढा ट्रॅकर

हा ट्रॅकर जीपीएसवरून आपलं स्थान घेतो आणि हँडीतून, म्हणजे हौशी रेडिओच्या हातातल्या संचातून, पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) म्हणून पाठवतो. या पद्धतीचं नाव एपीआरएस. हा फिकट तपकिरी चौकोन जीपीएसचा अँटेना. सिरॅमिकचा, २५ मिलिमीटर लांब-रुंद. सगळ्यात जास्त जागा हाच खातो. बाकीचं सर्व त्याच्या पाठीशी बसवायचं.

जीपीएसचं निओ-६एम मॉड्यूल दर सेकंदाला एकदा, ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट या वेगाने) मजकूर पाठवतं. 'जीपीआरएमसी'ची ओळ आपल्या कामाची. त्यात वेळेनंतर एक अक्षर येतं: 'ए' असेल तर स्थान पक्कं, 'व्ही' असेल तर उपग्रह अजून सापडलेले नाहीत. ही तपासणी विसरलात, तर ट्रॅकर रिकामं किंवा शिळं स्थान पाठवत राहील.

मधली चिप एटीमेगा ३२८, हीच पॅकेट बनवते. शेजारी चकाकतोय तो क्रिस्टल, चिपचे ठोके नेमके ठेवणारा. जागा वाचवायला तो गाळावासा वाटतो, गाळू नका. चिपच्या आतला ऑसिलेटरही ठोके देतो, पण तो तापमानाबरोबर सरकतो, आणि इथे रेडिओवर जाणारा एकेक बिट ८३३ मायक्रोसेकंदांचा आहे.

आता स्कोपवरची (लाट दाखवणाऱ्या यंत्रावरची) लाट पाहा. रुंद ती १२०० हर्ट्झची, अरुंद ती २२०० हर्ट्झची. ० आला की सूर बदलतो, १ आला की तोच चालू राहतो. सलग पाच १ आले की पुढे एक ० घुसवायचा, कारण सलग सहा १ ही पॅकेटच्या सीमेची खूण आहे. सूर बदलतो त्या जागी लाट कुठेही तुटलेली नाही, हे नीट बघा. तुटली तर समोर पॅकेट उलगडणारा डीकोडर चुकतो.

ही लाट बनते चार रेझिस्टरांतून: १, २.२, ३.९ आणि ८.२ किलोओम. चिपच्या चार पिना, चौघांची टोकं एकत्र. पायऱ्या गुळगुळीत करायला एक छोटा कपॅसिटर.

सगळ्यात जास्त ट्रॅकर इथेच फसतात. चिप देते व्होल्टमध्ये, हँडीच्या माइकला हवेत काही मिलिव्होल्ट. म्हणून १०० किलोओमचा रेझिस्टर, १० किलोओमचा ट्रिमपॉट (फिरवून पातळी ठरवायचा), आणि डीसी अडवायला ०.१ मायक्रोफॅरड. आवाज वाढवला की पल्ला वाढतो हा गैरसमज. सूर चिरडतात आणि पॅकेट वाया जातं. डेव्हिएशन (सुरांमुळे रेडिओची फ्रीक्वेन्सी जितकी सरकते ते) ३ किलोहर्ट्झच्या आसपास हवं. मोजायचं साधन नसेल तर दुसऱ्या हँडीवर ऐका: ट्रिमपॉट फिरवूनही आवाज वाढेनासा झाला की तिथून खाली आणा, स्पष्ट फरक ऐकू येईपर्यंत.

पीटीटी, म्हणजे संचाचं प्रसारण सुरू करणारी कळ, एका एनपीएन ट्रान्झिस्टरवर. काही संचांत तिची तार वेगळी असते, काहींत माइकच्याच तारेवर २.२ किलोओममधून ग्राउंड द्यावा लागतो. पीटीटीनंतर ३०० मिलिसेकंद थांबून मगच डेटा. व्हॉक्स (आवाज आला की आपोआप सुरू होणारं प्रसारण) नको, पॅकेटची सुरुवातच कापली जाते.

प्रसारण चालू असल्याचा हा लाल दिवा विझायला हवा होता. ५ वॉटचं प्रसारण तारेतून चिपमध्ये शिरलं आणि पीटीटी अडकली. उपाय: बोर्डावर शिरणाऱ्या प्रत्येक तारेला फेराइट मणी, लगेच मागे १०० पिकोफॅरड, आणि प्रोग्राममध्ये पीटीटी ठराविक वेळात सोडणारा वॉचडॉग.

परवाना आणि स्वतःचा कॉल साइन (रेडिओवरचं ओळखनाव) हवाच, फ्रीक्वेन्सी आपल्या भागातली एपीआरएसची. चालताना तीन मिनिटांना एक पॅकेट भरपूर झालं. चॅनेल सगळ्यांचा आहे. शक्य असेल तर स्पीकरची तारही जोडा, म्हणजे चिप आधी चॅनेल ऐकेल आणि कुणाच्या पॅकेटवर आपलं चढणार नाही.

मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत शोधपथकाला माणूस कुठे आहे ते यावरून कळू शकतं.

नकाशावर ठिपका पायवाटेच्या बाजूला पडलाय. एपीआरएसच्या साध्या मांडणीत स्थान मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंतच जातं. अक्षांशात ते सुमारे १८ मीटर होतात.